आत्मचरित्र बाईचं, कपाट नवऱ्याचं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे गेले तीन महिने मी घरातच आहे. सूनबाई वाचनालयातून पुस्तकं आणून देते. परवा तिला सुनीता देशपांडे यांचं आत्मचरित्र ‘आहे मनोहर तरी’ आणायला सांगितलं, तर हात हलवत परत आली. आत्मचरित्रांत नव्हतं म्हणाली. दुसऱ्या खेपेला तिथल्या बाईंनी शोधून दिलं, ते त्यांच्या नवऱ्याच्या, पु. ल. देशपांड्यांच्या कपाटातून! वाचनालयाचं नाव लिहीत नाही, कारण ही खोड आपल्या सगळ्यांचीच आहे.

१९९० साली हे पुस्तक आलं तेव्हा आमच्या ऑफिसात डबे उघडले की त्याचीच चर्चा. ‘बाईनं घरातलं असं चव्हाट्यावर आणू नये’, यावर सगळ्यांचं एकमत. मीही मान डोलावली होती, न वाचताच. आता वाचलं आणि फार वाईट वाटलं. बेचाळीसच्या चळवळीत उतरलेली, १९४६ साली रत्नागिरीला घरच्या घरी नोंदणी पद्धतीनं लग्न करणारी, दुसऱ्याला बोलते तितकंच स्वतःलाही फैलावर घेणारी ही बाई मी तेव्हा भेटूच दिली नाही स्वतःला.

मग रमाबाई रानडे पुन्हा काढल्या, ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. त्यातला आंब्याचा प्रसंग शाळेत असताना त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे यांच्या संयमाचा धडा म्हणून ऐकला होता. बायकोनं आंबा चिरून दिला, त्यांनी एकदोन फोडी खाल्ल्या आणि पुरे म्हणाले. या वेळी माझं लक्ष फोडी चिरणारीकडे गेलं. हौसेनं पुढे केलेली बशी तशीच राहिली की काय वाटतं, हे तिनं १९१० साली छापून ठेवलंय. अकराव्या वर्षी लग्न होऊन पुण्यात आलेली मुलगी, घरातल्या बायकांची बोलणी खात लिहा-वाचायला शिकते. त्या पुस्तकातली मोठी गोष्ट मला तरी हीच वाटते.

‘स्मृतिचित्रे’बद्दल काय सांगू! लक्ष्मीबाई टिळकांचं मराठी म्हणजे ओट्यावर बसून समोरासमोर बोलल्यासारखं. नवरा, कवी ना. वा. टिळक, ख्रिस्ती झाले म्हणून त्याही झाल्या, असं सरसकट म्हणतात. पण टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, यांचा १९००चा. मधल्या काळात नवऱ्याच्या घरातही त्यांनी आपलं सोवळं वेगळं सांभाळलं, आणि सोडलं तेही स्वतःच्या मनाशी विचार करून. बाहेरच्या कुणाच्या सांगण्यावरून नव्हे.

याच दिवसांत भालचंद्र नेमाड्यांची कादंबरी ‘कोसला’ही वाचली. नायकाच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणाची पानं वाचताना दोनदा पुस्तक मिटावं लागलं. माझी धाकटी बहीण लहानपणीच गेली. पांडुरंग सांगवीकर हा कल्पनेतला मुलगा, पण त्याचं दुःख त्याचंच, असं आपण बिनतक्रार मानतो. आणि खरोखर जगलेल्या, हातात लेखणी घेतलेल्या बाईला मात्र विचारतो, ‘ते घरी कसे वागायचे हो?’ हे मला मनापासून खटकतं.

उद्या पुस्तक परत जाईल. आत चिठ्ठी घातली आहे: ‘आत्मचरित्रांच्या कपाटात ठेवावे. लेखिका: देशपांडे, सुनीता.’

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे