हायवेवरचं तांबडं भरीत

अमळनेर,
१४ डिसेंबर

प्रिय पक्या,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले, शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. परवा जे झालं ते तुलाच सांगण्यासारखं आहे. घरात हा विषय काढायची मला बंदी आहे.

ताई आणि दाजी सुरतहून आलेत. चंपाषष्ठी होऊन गेली, वांगं खायला मोकळीक झाली, म्हणून आईने बामणोदची हिरवी वांगी मागवून ठेवली होती. दाजींना भरीत खाऊ घालायचं तिच्या मनात होतं. मीच मध्ये पडलो. म्हटलं, तू कशाला दमतेस, आज बाहेर जेवू. पारोळ्याकडे हायवेला एक नवं हॉटेल झालंय. दारात बैलगाडीचं चाक, भिंतीवर वारली चित्रं (खान्देशात वारली! असो), आणि पाटीवर हातभर अक्षरांत ‘अस्सल खान्देशी’. त्या अक्षरांनीच घात केला.

भरीत आलं ते तांबडं. टोमॅटो, हळद, वर मलईची रेघ. अरे, आपल्या भरताला हळद कधी लागली? कपाशीच्या काड्यांवर वांगं भाजायचं, साल काढून हिरव्या मिरची-लसणाबरोबर लाकडी भांड्यात ठेचायचं, तेलात शेंगदाणे आणि कांद्याची पात घालायची. संपलं. हे तुला काय सांगतोय म्हणा. वेटरला सांगितलं तर म्हणाला, “साहेब, बाहेरच्या लोकांना असंच लागतं.” मिक्सरमधून काढल्यामुळे ते लापशीसारखं झालेलं आणि धुराचा वास औषधालाही नाही. २०१६ साली जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते मेनूकार्डावर छापलंय बरं का! शेवभाजीतली शेव कधीपासून रश्श्यात पडली होती कोण जाणे, तिचा नुसता लगदा. आणि रस्सा गोड. शेवभाजी गोड, पक्या! कळण्याची भाकरी मागितली तर “आज संपली”, म्हणून बटर रोटी आली. चौघांचे १,२४० रुपये झाले.

दाजी सासुरवाडीचा मान राखून “छान आहे हो” म्हणत राहिले. आईने ताट चाटूनपुसून संपवलं. मी कुरकुरायला लागलो तर एवढंच म्हणाली, “अन्नले नावं ठेऊ नही.”

घरी पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. चप्पल काढता काढता आईने विचारलं, “पोट भरनं का रे?” दाजी काहीतरी बोलणार तेवढ्यात ताई म्हणाली, “नही.”

मग आईने बाहेर जायची साडी तशीच खोचली आणि कळण्याचा डबा काढला. चार किलो ज्वारीला किलोभर अख्खे उडीद, मीठ घालूनच दळून आणलेलं. वांगी भाजली नाहीत, कारण गॅसवर भाजलेलं वांगं तिच्या लेखी उकडलेलंच. तिने बांगड्या कोपराकडे सरकवल्या, गरम पाण्यात पीठ मळलं आणि परातीत थापायला बसली. मी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा नीट बघितलं. ती भाकरी बघतच नाही. बोलते ताईशी, हात आपले फिरत राहतात, आणि कड चिरायला लागली की बोटच तिला मिटवून घेतं. भाकरी तव्यावर पडली की वरून पाण्याचा हात, मग उलटून थेट जाळावर. टम्म. दुसऱ्या तव्यात तेलावर मिरच्या, लसूण, शेंगदाणे परतले आणि तव्यातच पेल्याच्या बुडाने रगडले. ठसका असा उठला की दाजी खोकत खोकत बाहेरच्या ओट्यावर निघून गेले. परत आले ते ताट घेऊनच. भाकरीवर कच्चं तेल, ठेचा, फोडलेला कांदा. हॉटेलात ‘छान’ म्हणणाऱ्या माणसाने तीन भाकऱ्या खाल्ल्या.

आता जे लागलं ते सांगतो. तिला दमवू नये म्हणून बाहेर नेलं, आणि रात्री अकरा वाजता तीच शेगडीपुढे उभी. मी काय केलं? ताटं उचलली, तीही ताईने डोळे वटारल्यावर.

काल दुपारी शेतात भरीत केलं. काड्यांवर वांगी भाजायचं काम माझ्याकडे होतं. या कागदाच्या कोपऱ्यावर डाग दिसतोय ना, तो त्याचाच, नखातली काजळी अजून गेली नाही.

दाजी उद्या निघतील. सुरतेत उधन्याला उतरले की तुला फोन करतील. दोन किलो कळण्याचं पीठ आणि बरणीभर ठेचा पाठवतोय. वांगी पाठवत नाही. तू तिसऱ्या मजल्यावर काड्या पेटवशील आणि सोसायटी तुला बाहेर काढेल. पीठ चाळू नकोस, गरम पाण्यातच भिजव, आणि थापायला वहिनींना बसवू नकोस, स्वतः बस. मीही सकाळी बसलो होतो. पहिली भाकरी परातीतून उचलतानाच तिचे तीन तुकडे झाले. आई म्हणाली, गाईला टाक. मी ठेच्याबरोबर खाऊन टाकली.

तुझा,
भाऊ