मा. आरोग्यमंत्री, जीव वाचला, खांद्याचं काय?

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

कॅन्सरसाठी मानेचं ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाला फिजिओथेरपी मिळेल, असा शब्द आपण भर सभागृहात दिला होता. परवा रुग्णालयात गेलो तर त्या विभागाला कुलूप. दारावर आपलं पोस्टर, उजवा हात उंच करून अभिवादन करतानाचं. शिपाई म्हणाला, "पद मंजूर आहे, माणूस नाही." म्हणजे व्यायाम आता पदाकडून शिकायचा!

मी वायरमन आहे. जिभेचा कॅन्सर मानेतल्या लसिका गाठींत पसरतो, म्हणून त्या गाठी काढल्या. जीव वाचला, सर्जनांचे उपकार आहेतच. पण उजवा हात बाजूने उचलला की खांद्याच्या रेषेत अडकतो. फऱ्याचं हाड पाठीतून बाहेर येतं, खांदा खाली ओघळलाय, पिशवी टिकत नाही. शर्टाची बाही बायको चढवते. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. छताला पंखा लावायचा तर डाव्या हाताने उजवा धरून वर न्यायचा, मग स्क्रू कोण फिरवणार? आपण येता?

कार्डावर लिहिलंय, "नस वाचवली." मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांतली ही अकरावी नस, खांदा उचलून धरणाऱ्या ट्रॅपेझियस स्नायूला मुख्यतः तीच चालवते. 1906 मध्ये क्राइल नावाच्या सर्जनने मानेचं मोठं ऑपरेशन मांडलं, त्यात गाठींबरोबर ही नस, मोठी शीर, मानेचा स्नायू, सगळंच जायचं. पुढे सुआरेझ, बोका यांनी दाखवून दिलं की रोग तिथवर पोचला नसेल तर हे वाचवता येतं. ठीक. पण नसेच्या मागच्या गाठी काढायला ती बाजूला ओढावी लागते, तिचा रक्तपुरवठा कमी होतो. वायर अखंड दिसते, पण आतून करंट जात नाही, हे मला कुणी शिकवायला नको. ओढलेली नस महिन्यांनी सावरते म्हणतात, पण तोवर हात हलवला नाही तर सांधाच आखडून बसतो. माझा बसला.

ऑपरेशन करूच नका, असं मी म्हणत नाही. तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये गाठी आधीच काढल्या तर तीन वर्षांनी 80 टक्के रुग्ण जिवंत होते, गाठींत रोग दिसेपर्यंत थांबून काढल्या तर 67.5 टक्के, 2015 ची चाचणी आहे. म्हणजे माना उघडणारच. मग ऑपरेशनआधी खांदा मोजायला काय जातं? नस दिसली का, ओढली का, कापली का, हे कागदावर नीट लिहायला? कापावीच लागली तर तिथेच जोडता येईल का, हे बघायला? आणि जखमेतलं पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी निघाली, सर्जनने हो म्हटलं, की लगेच व्यायाम सुरू करायला? यातल्या कशाला परदेशी यंत्र लागतं? पण यंत्र आलं की फीत कापता येते. फिजिओथेरपिस्टची फीत कशी कापणार?

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी गेलो तर खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "हात तर आहे की तुमचा." आहे ना. खाली लोंबतोय. तुमच्या यंत्रणेत माणूस एकतर जिवंत, नाहीतर मयत. मधला रकानाच नाही. किती ऑपरेशनं झाली याचे आकडे भाषणात असतात, त्यातले किती कामावर परतले हे कुणी विचारत नाही, कारण विचारलं तर पगार, पेन्शन, पर्यायी काम, सगळंच काढावं लागेल. सरकार बदललं, खातं बदललं, ठेकेदार तेच. आम्ही कर भरायचा, रांगेत उभं राहायचं आणि वर "लवकर आलात, नशीबवान आहात" हे ऐकायचं.

"योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित" अशी पोच पाठवू नका, तशा माझ्याकडे आहेत. पद कोणत्या तारखेला भरणार, तेवढी तारीख लेखी कळवा.

कळावे,
एक वायरमन, सध्या बेकार