कमरेत बसत नाही म्हणालीस, त्याबद्दल

दाजी पेठ, सोलापूर
२ मे

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज भरून आला आणि मी नेहमीसारखं "बघू गं, पाठवते काहीतरी शिवून" म्हणून मोकळी झाले. मग रात्रभर डोळ्याला डोळा नाही. व्हॉट्सॲपवर एवढं लांबलचक टाइप करायला मला जमत नाही, म्हणून तुझ्या बारावीच्या वहीची कोरी पानं फाडून लिहायला बसलेय. दुपारचे अडीच वाजलेत. लाइट गेलीय, त्यामुळे समोरच्या अक्कांचे मागही बंद आहेत. आपल्या गल्लीत एवढी शांतता लाइट गेल्यावरच मिळते.

तू म्हणालीस, चार दुकानं फिरले, आठ जीन्स घालून बघितल्या. कमरेत होते ती मांडीवरून वर चढत नाही, आणि चढते तिच्या कमरेत मागून अख्खा हात जातो. वर त्या ट्रायल रूमबाहेरची मुलगी म्हणाली, "मॅम, तुमची बॉडी जरा डिफिकल्ट आहे." त्या पोरीला मी नाव ठेवत नाही, तिला दिवसभर उभं राहून हेच बोलायला शिकवलेलं असणार. पण पंचवीस वर्षं मशीनवर बसलेय मी. किती बायकांच्या अंगाला टेप लावला याची मोजदाद नाही. कापड अवघड असतं, कधी पॅटर्न अवघड असतो, शिंपी तर असतातच की. अवघड अंग मात्र अजून माझ्या टेबलावर आलेलं नाही.

दिवाळीत तुझी मापं घेतली होती ती वहीत आहेत. छाती ३६, कंबर २७, सीट ३८. म्हणजे वर आणि खाली जवळपास सारखं आणि मधे नऊ-अकरा इंच आत. याला इंग्रजीत अवरग्लास म्हणतात असं तूच सांगितलंस. ते वाळूचं घड्याळ मी काही बघितलेलं नाही, मला आपला डमरू आठवतो. तुझी आजी 'मुंगीची कंबर' म्हणायची, आणि कौतुकानं म्हणायची की टोमणा मारायची, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

रेडिमेडचं कसं असतं ते मला आतून माहीत आहे. तू पोटात असताना मी शाळेच्या युनिफॉर्मचं जॉबवर्क करायचे. कापडाचे थर रचून मशीननं एकदम कापायचे आणि गठ्ठे घरी यायचे. बत्तीस नंबर म्हणजे छाती बत्तीस, बाकी देवाच्या भरवशावर! बाजू सरळसोट, कारण तोच शर्ट बारक्यालाही गेला पाहिजे आणि जाड्यालाही. मोठ्या ब्रँडवाल्यांकडे कटिंग जास्त नाजूक असेल, पण त्यांनाही कंबर आणि सीट यांत किती फरक धरायचा हे एकदा ठरवून टाकावं लागतं. तुझा अकरा इंचांचा फरक त्यांच्या हिशेबात बसत नाही, एवढंच झालंय.

आता जे लिहायला बसलेय ते लिहिते.

तू नववीत होतीस. पंचमीला निळा ड्रेस शिवला होता, कमरेत छान बसवलेला. तो घालून तू क्लासला गेलीस आणि चौकात कुणीतरी काहीतरी बोललं. तू घरी सांगितलं नाहीस, मला शेजारून कळलं. त्यानंतर मी तुझे सगळे ड्रेस सहा-सहा इंच लूज कापायला लागले. टक्सच्या, म्हणजे कमरेला आकार यायला कापड दुमडून शिवतात त्या चिमटीच्या, खुणाच करायचे नाही. बोलणारा गेला आपल्या वाटेनं आणि शिक्षा तुझ्या कपड्यांना झाली. लग्नसराईत लोकांच्या लेकींचे ब्लाउज रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून अंगाबरोबर बसवून दिले, आणि स्वतःच्या लेकीला पोती शिवली. तू दप्तर पाठीवर घ्यायचं सोडून पुढे छातीशी धरून चालायला लागलीस, तेही दिसत होतं मला. "पाठ वाकेल, सरळ चाल" म्हणून वर तुलाच ओरडले. पुढे तू पप्पांचे शर्ट घालायला लागलीस तेव्हा तर मला बरंच वाटलं. ते बरं वाटलं याचीच आता लाज वाटते.

असो. रडगाणं पुरे, कामाचं सांगते.

आधी तुझी कंबर कुठे आहे ते शोध. हसू नकोस. परकराची नाडी पोटाभोवती सैलसर बांध आणि दोन्ही बाजूंना वाक. नाडी सरकत सरकत जिथे जाऊन बसेल ती कंबर. तुझी बेंबीच्या वर आहे. आजकालच्या बऱ्याच जीन्स त्याच्या कितीतरी खाली संपतात, मग तिथे त्या कमरेत बसणार कशा? उंच कमरेची घे, आणि मांडी-सीटच्या मापानंच घे. कमरेत तीन इंच सैल राहिली तर राहू दे. मग ती अल्टरवाल्याकडे न्यायची आणि सांगायचं, मागच्या मधल्या शिवणीतून घ्या. मागचा लूप काढून, पट्टी उसवून, बैठकीपर्यंत निमुळतं घेत जायचं. बाजूच्या शिवणीतून घेतो म्हणाला तर उठून ये, सीटचा आकार बिघडतो. एक मात्र आहे, मागून दोन इंचांपेक्षा जास्त घेतलं की मागचे खिसे जवळ सरकतात आणि तिरळे दिसतात. तीन लागत असतील तर दोन मागून आणि बाकी पट्टीत इलॅस्टिक.

ऑफिसचे शर्ट छातीच्या मापानं घे. कमरेच्या मापानं घेतलास तर तिसऱ्या-चौथ्या बटणामध्ये फट पडते आणि मीटिंगभर तुझा एक हात तिथेच अडकतो. छातीला बसला की कमरेचं काम टक्सचं. पुढे दोन, मागे दोन, दोन्ही टोकांना निमुळते, माशासारखे. कमरेवर अर्धा इंच आत दुमडला की कापड एक इंच जातं. चार टक्सचे चार इंच गेले. तरी थोडी फट दिसलीच, तर दोन बटणांच्या मधे आतून एक टिचबटण लाव. हे तुला येतं, सातवीत शिकवलंय.

फिट म्हणजे आवळ नव्हे हं. घालून आरशासमोर उभी राहा आणि बस. कापडावर आडव्या सुरकुत्या ओढल्या गेल्या तर तंग आहे, उभ्या घड्या लोंबत असतील तर ढगळ. एवढ्या दोन गोष्टी बघता आल्या की कुठल्या सेल्सगर्लचं ऐकायची गरज नाही.

कुर्त्यात सरळ कटचा, लांब, बाजूला नुसते कट दिलेला घेऊ नकोस. तो छातीवरून खाली पडतो आणि मधली कंबर गिळून टाकतो. माणूस आहे त्यापेक्षा जाड दिसतं. प्रिन्सेस कट तुला चांगला, कारण त्याची शिवण छातीवरून कमरेत येते आणि पुन्हा बाहेर जाते. पण सगळ्यात छान अंगरखा. गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वजाबरोबरच्या लोकांची पांढरी बाराबंदी आठव. एक बाजू दुसरीवर येते आणि बंद आपापल्या अंगाप्रमाणे बांधायचे, त्यामुळे तीच बाराबंदी पैलवानालाही बसते आणि काटकुळ्या पोरालाही. अंगरख्याचं तसंच. कंबर किती ते तुझा बंद ठरवतो, कंपनी ठरवत नाही. जेवल्यावर सैल करता येतो हा वरचा फायदा.

शिवणक्लासला आमच्या बाई सांगायच्या, १९४७ साली पॅरिसला डिओर म्हणून एकानं बायकांचे नवे झगे काढले. कंबर एवढीशी आणि खाली घेरच घेर. लढाईत कापडाचं रेशनिंग सोसलेल्या लोकांना धक्काच बसला म्हणे, एकेका झग्याला केवढं कापड! पण बाईंचं खरं सांगणं पुढे होतं. त्या कपड्यांत कंबर आतून आवळायचे आणि सीटवर पॅड भरायचे. जे तुला फुकट मिळालंय ते उभं करायला पॅरिसला केवढा खटाटोप करावा लागला, बघ.

कापड हातात धरून सोडून बघत जा. लोंबतं ते तुझं: रेयॉन, क्रेप, मऊ सुती. ताठ उभं राहतं ते छातीवरून तंबूसारखं खाली येतं. ताठ कापडाचा सोस असेलच तर त्याला टक्स हवेतच. उरेब कापलेला स्कर्ट तुला सुंदर दिसेल, तिरक्या कापडाला अंगाबरोबर वळायची खोड असते. फक्त तो मी शिवला तरी खालची पट्टी लगेच दुमडत नाही, रात्रभर टांगून ठेवते. उरेब कापड लोंबून खाली येतं आणि कुठे जास्त, कुठे कमी येतं. घाई केली की घेर वाकडा. एकदा एका नवरीचा घागरा असा वाकडा झाला होता. पदरचं कापड घालून दुसरा शिवून दिला तेव्हा सुटले.

साडीचं तुला आत्ता नको आहे, पण सप्टेंबरात मैत्रिणीचं लग्न आहे म्हणालीस. बाजारचा चुण्यांचा परकर घालू नकोस. नाडीपाशी सगळ्या चुण्या गोळा होतात आणि वर निऱ्या खोचल्या की कमरेला उशी बांधल्यासारखं दिसतं. सहा कळ्यांचा परकर मी देईन, तो सीटवर सपाट बसतो. नाडीची गाठ पोटावर नको, डाव्या बाजूला घे, म्हणजे निऱ्या सपाट येतात. आजीची इरकल नेसणार असशील तर खळ अगदी पातळ कर. कडक खळीच्या निऱ्या कमरेपासूनच फुगतात. ब्लाउज खणाचा, गळा पुढून थोडा खोल. तुला बंद गळा शोभत नाही, छाती एक आख्खा चौकोन दिसते. आणि पदर पिन करून अरुंद निऱ्यांचा घे. सुटा पदर सोडलास की कंबर पुन्हा झाकली गेली.

रंगाचं मला विचारू नकोस. काळा बारीक दाखवतो, आडव्या पट्ट्या जाड दाखवतात, हे सगळं मी गिऱ्हाइकांना सांगते कारण त्यांना ऐकायचं असतं. तुला आवडेल तो रंग घाल. निळा तुला आवडायचा.

तर काल रात्री झोप येईना म्हणून उठून दोन कुर्ते कापले. एक अंगरखा, एक प्रिन्सेस कट. कापड आधी पाण्यातून काढून घेतलंय, पहिल्या धुण्यात आटणार नाही. पहाटेपर्यंत शिवून झाले. टक्सवर इस्त्री करायला माझ्याकडे कसली खास उशी असणार? आपला सोलापुरी टॉवेल घट्ट गुंडाळला आणि त्यावर ठेवून केली. गोलाईवर केलेली इस्त्री अंगावर बरोबर बसते, सपाट टेबलावर केली की टक्सचं टोक शिंगासारखं बाहेर येतं. दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत जास्तीचं कापड, ठेवलीय. वजन वाढलं तर उसवून घे, त्यासाठी जेवण कमी करू नकोस. दिवसातून एकदा तरी पोळीभाजी खातेस ना?

समोरच्या अक्कांचा मुलगा परवा सकाळी हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर पिशवी देते. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी वरच्या पुडक्यात आहेत. तेल सुटलं तर कुर्त्यांना लागू नये म्हणून मधे प्लॅस्टिक घातलंय, तरी आल्या आल्या वेगळं काढ.

प्रिन्सेस कटच्या पाठीचे टक्स कच्च्या धाग्यानं टाकलेत, पांढऱ्या. पक्के अजून केले नाहीत, कारण दिवाळीपासून तुला मी बघितलेलं नाही. घालून मैत्रिणीकडून तीन फोटो काढून घे: समोरून, बाजूनं, पाठीमागून. हात सैल सोड. आणि समोरच्या फोटोत बॅग पुढे धरू नकोस, कंबर कुठे आली ते मला दिसत नाही.

तुझी,
आई