जुना कॉम्प्युटर विका की, पण बिलावर नंबर लिहून द्या

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरातल्या छोट्या जाहिरातीत हल्ली प्लॉट विकणे, वधू पाहिजे, बोअर मारून मिळेल यांच्या जोडीला अजून एक प्रकार लई वाढलाय. 'आय फाइव्ह कॉम्प्युटर, ८ जीबी रॅम, एसएसडी, १९ इंची स्क्रीन, कीबोर्ड माऊस फ्री, एक वर्ष वॉरंटी, फक्त ९,९९९'. खाली एक मोबाईल नंबर, दुकानाचं नाव असलं तर असलं नाहीतर तेपण नाही. जून जवळ आला की तर विचारूच नका. माझी तक्रार जुन्या मालाबद्दल अजिबात नाही, उलट मी म्हणतो घरच्या पोराला अभ्यासाला नाहीतर दुकानात टॅली चालवायला जुनाच घ्या, तक्रार आहे ती या जाहिरातीत जे लिहिलेलं नसतं त्याबद्दल.

आय फाइव्ह हे प्रोसेसरचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या डोक्याचं, नाव इंटेल कंपनी २००९ पासून वापरतीय. पहिल्या जनरेशनपासून (म्हणजे पिढीपासून) चौदाव्यापर्यंत सगळ्यात आय फाइव्ह आहे. नुसतं आय फाइव्ह लिहायचं म्हणजे 'स्प्लेंडर विकणे आहे' एवढंच छापून मॉडेल कितीचं ते सांगायचंच नाही, आणि तिथं निदान आरसी बुक तरी बघायला मिळतं. आय फाइव्ह २४०० हा प्रोसेसर जानेवारी २०११ ला आलेला, ३४७० हा २०१२ चा. स्वस्तातले जे सेट लोक मला दाखवायला आणतात त्यात बहुतेक हेच निघतात. आणि आठव्या जनरेशनचा आय थ्री ८१००, जो नावानं बारका वाटतो, तो या दोघांपेक्षा चांगला पळतो. पण गिऱ्हाईकाच्या डोक्यात आय थ्री म्हणजे हलका आणि आय फाइव्ह म्हणजे भारी असं पक्कं बसलंय, दुकानदार ते तसंच बसू देतो, खोटं काही बोलत नाही म्हणा, फक्त गप्प बसतो.

मी मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेबाचं बघतो, हळद बेदाण्याच्या पट्ट्या आणि जीएसटीचं सगळं आमच्या मशीनवरच चालतं, त्यामुळं ओळखीतला कोणपण कॉम्प्युटर घ्यायचा म्हटला की आधी माझ्याकडं येतो. मी एकच सांगतो, दुकानात मशीन चालू करायला लावा, माय कॉम्प्युटरवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि प्रोसेसरचा पूर्ण नंबर वाचा. चार आकडी असला तर पहिला आकडा म्हणजे जनरेशन, ३४७० म्हणजे तिसरी, ६५०० म्हणजे सहावी, ८५०० म्हणजे आठवी. पाच आकडी असला तर पहिले दोन, १०४०० म्हणजे दहावी. हे तिथल्या तिथं दाखवायला जो दुकानदार कां कूं करतो त्याच्याकडनं घेऊच नका.

आता सगळ्यात वाईट प्रकार कुठला तर तो जुना म्हणून विकतात तो नाहीच, नवीन म्हणून विकतात तो. चकचकीत कॅबिनेट, पुढं काच, आत रंगीत लाईटचे पंखे, खोका सीलबंद, आणि मदरबोर्ड (सगळे पार्ट ज्यावर बसतात तो) एच ६१ चा. बोर्ड खरंच नवा असतो, अजून बनवून येतात तसले बोर्ड, पण एच ६१ हा चिपसेट मूळचा २०११ चा आणि त्यात दुसऱ्या तिसऱ्या जनरेशनचाच प्रोसेसर बसतो, आणि तो प्रोसेसर कुठल्यातरी आपिसातनं निघालेल्या मशीनमधला काढून बसवलेला. म्हणजे डबा नवा आणि डोकं चौदा वर्षांचं. वर 'ब्रँड न्यू, तीन वर्ष वॉरंटी'. आमच्याच गल्लीतल्या एकानं पोराला इंजिनिअरिंगसाठी असला घेतला, पैसे साध्या नवीन मशीनच्या जवळपास मोजले. पोरगं म्हणतंय विंडोज ११ साठी हे मशीन मायक्रोसॉफ्टच्या नियमात बसत नाही, बाप म्हणतोय दुकानदारानं तर नवीन सांगितलंय. दोघंही आपापल्या जागी बरोबर. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणं हे अनुचित व्यापार प्रथेत सरळ नाव घेऊन टाकलेलं आहे, पण ते सिद्ध करायला बिलावर प्रोसेसर तर लिहिलेला पाहिजे. त्याच्या बिलावर होतं 'कॉम्प्युटर सेट १ नग' आणि खाली शिक्का, एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

याच्यापेक्षा कंपनीचा लॉटचा माल शंभर हिश्शानं बरा. पुण्या बेंगळुरूच्या आयटी कंपन्या, बँका यांच्याकडं मशीन तीन चार वर्षांच्या भाड्यावर असतात, मुदत संपली की सगळाच्या सगळा लॉट बाहेर पडतो, डेलचा ऑप्टिप्लेक्स, एचपीचा प्रोडेस्क नाहीतर एलिटडेस्क, लेनोव्होचा थिंकसेंटर. ही मशीन आपिसात चालावीत म्हणून बनवलेली असतात, पत्रा दणकट, बरीचशी तर स्क्रू ड्रायव्हरशिवाय उघडतात, धूळ साफ करायला एकदम सोपं. डेलवर मागं सात अक्षर आकड्यांचा सर्व्हिस टॅग असतो तो कंपनीच्या साईटवर टाकला की मशीन कंपनीतनं निघताना त्यात काय काय होतं आणि कधी निघालं ते कळतं. टॅगचं स्टिकर खरवडलेलं असलं तर समजून जा (टॅग बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये, पण दिसतो, तिथं बघा).

पण या मशीनची एक खोड आहे आणि ती घेताना कोण सांगत नाही, यांचे पार्ट आपल्या बाजारातल्या साध्या पार्टला जुळतातच असं नाही. ऑप्टिप्लेक्स ३०२० किंवा ९०२० चा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) गेला, आणि उन्हाळ्यात लाईट जा ये करते तेव्हा जातोच, तर नेहमीचा २४ पिनचा एसएमपीएस आणून उपयोग नाही, त्या बोर्डाला ८ पिनचा कनेक्टर लागतो. मग एकतर तसलाच जुना शोधा नाहीतर २४ चं ८ पिन करणारी वायर मागवा. बारीक कॅबिनेटच्या मशीनमध्ये पूर्ण उंचीचं ग्राफिक्स कार्ड बसत नाही, लो प्रोफाईल, म्हणजे बुटकं, लागतं, आणि एसएमपीएस अडीचशे वॅटच्या आसपासचा असल्यानं ज्याला वेगळी पॉवरची वायर लागते असलं कार्ड त्यात घालायच्या नादाला लागू नये. पोरं गेम खेळायला म्हणून आधी मशीन घेतात मग कार्ड घेतात आणि मग झाकण लागत नाही म्हणून उघडंच ठेवतात.

रॅमचंपण तसंच. चौथ्या जनरेशनपर्यंत डीडीआर थ्री, सहाव्यापासनं पुढं बहुतेक डीडीआर फोर, दोन्हीची खाच वेगळ्या जागी असते आणि व्होल्टेजपण वेगळं, दीड आणि एक पूर्णांक दोन. बसत नाही म्हणून जोर लावणारे मेकॅनिकपण मी बघितलेत. आणि प्रोसेसर बदलून पुढं अपग्रेड करू असं कोण सांगत असला तर एवढं लक्षात ठेवा की सहावी, सातवी आणि आठवी जनरेशन तिन्हीला सॉकेट दिसायला एकच, ११५१, पण सहाव्या सातव्याच्या बोर्डात आठवी चालत नाही. पिना जुळतात, मशीन चालू होत नाही. म्हणून अपग्रेडच्या भरवशावर सहावी घेण्यापेक्षा चार पैसे घालून आठवीच घ्या, तिथून पुढचंच विंडोज ११ ला अधिकृत चालतं.

विंडोजचा तर नुसता सावळा गोंधळ आहे. विंडोज १० चे फुकटचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, घरगुती वापराच्या मशीनची नोंदणी केली तर सेक्युरिटीचे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, बास. ११ ला आठव्या जनरेशनच्या आधीचे प्रोसेसर जवळजवळ सगळे बाद आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पाहिजे. दुकानदार म्हणतो त्यात काय, ११ टाकून देतो की, आणि टाकून देतोपण, चेकिंग बायपास करून. चालतं ते. पण अपडेट येतीलच असं मायक्रोसॉफ्ट सांगत नाही, आणि कोअर टू डुओ या आय फाइव्हच्याही आधीच्या प्रोसेसरवाल्यांनी तर विंडोज ११ च्या २४ एच २ व्हर्जनचा नादच सोडावा, त्या प्रोसेसरमध्ये लागणारी कमांडच नाही त्यामुळं ते सुरूच होत नाही. त्यात परत ॲक्टिव्हेशन कसलंतरी क्रॅक मारून केलेलं असतं आणि त्याच मशीनवर लोक नेट बँकिंग करतात, सेवा केंद्रवाले गावाचे आधार पॅन स्कॅन करून ठेवतात. विंडोजच्या जागी फुकटचं लिनक्स मिंट टाका म्हणून पुण्याचा भाचा सांगतो, अभ्यासाला आणि इंटरनेटला झकास आहे, मराठी टायपिंगपण होतं, पण ज्याचं पोट श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर नाहीतर अंगठ्याच्या मशीनवर आहे त्याला ते सांगून काय उपयोग.

सांगलीत अजून एक गोष्ट बघावी लागते जी दुसऱ्या गावात कोण बघत नसेल. २००५, २०१९, २०२१ असे तीन मोठे पूर आपण काढले, २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ असताना. त्या पाण्यात बुडालेली मशीन सगळी भंगारात गेली असं समजू नका. साईडचं झाकण काढायला लावा आणि मोबाईलची बॅटरी मारून तीन जागा बघा, रॅमच्या खाचेचा तळ, बोर्ड ज्या स्क्रूंनी बसवलाय त्यांच्या डोक्याखाली, आणि मागचे यूएसबीचे पोर्ट. वरवर ब्लोअर मारून स्पिरिटनं पुसून चकाचक केलेलं असतं पण या तीन जागी नदीचा गाळ वाळून पांढरट पिवळा थर राहतोच, पोर्टच्या पत्र्याला गंज असतो आणि सोल्डरला हिरवट कळंक चढलेला असतो. असलं मशीन सुरू होतंय, महिना दोन महिने चालतंयपण, आणि मग पावसाळ्याच्या दमट हवेत कधीतरी डिस्प्लेच देत नाही.

हार्डडिस्क असली तर क्रिस्टलडिस्कइन्फो म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे ते लावून किती तास चाललीय ते बघा, पिवळा शेरा आला तर घेऊ नका. तसंही आता एसएसडीच, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी येणारी चिपवाली डिस्कच, बघायची, आणि नावगाव नसलेली नको.

आता कोण म्हणेल एवढं करण्यापेक्षा नवीनच घ्या. घ्यावा ज्याला परवडतो त्यानं. पण रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीपासनं कुठल्या कुठं गेलेत, रॅम बनवणाऱ्या कंपन्यांना एआयच्या सर्व्हरला माल पुरवण्यात जास्त पैसा दिसतोय, मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला क्रुशियल नावाचा किरकोळ ग्राहकांचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळं कुपवाडच्या कामगारानं आणि तासगावच्या शेतकऱ्यानं पोरासाठी जुन्याकडंच वळायचं, आणि वळतायतच, म्हणून तर जाहिराती वाढल्या.

पक्कं बिल मागितलं की 'अठरा टक्के वर पडतील' हे उत्तर ठरलेलं. वास्तविक जुना माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्यानं खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट (वजावट) घेतलं नसेल तर त्याला खरेदी विक्रीच्या फरकावरच जीएसटी भरायची सोय नियमात आहे. सहा हजाराला आणून आठ हजाराला विकला तर कर दोन हजाराच्या फरकावर. बिल न देणं हीसुद्धा ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित प्रथा आहे. आणि तो 'माल परत घेतला जाणार नाही'चा शिक्का, बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हेपण त्यातच बसतं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावून तक्रार नोंदवता येते, आणि पाच लाखापर्यंतच्या मालाला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. डीटीपी किंवा सेवा केंद्र चालवून स्वतःचं पोट भरणाराही त्यात ग्राहकच धरला जातो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

पण साहेब, तक्रार ही नंतरची गोष्ट, आणि दहा हजाराच्या मशीनसाठी कामधंदा सोडून आयोगात कोण जाणार. सगळेच दुकानदार असले नाहीत हेपण सांगतो, विश्रामबागला आणि मिरजेत असे आहेत जे झाकण उघडून दाखवतात, बदललेला पार्ट कुठला ते बिलावर लिहितात, आणि पुढं काय मिळणार नाही तेपण आधीच सांगतात. त्यांची जाहिरात त्या ९,९९९ वाल्याच्या शेजारी महाग दिसते आणि गिऱ्हाईक तिकडं पळतं. म्हणून माझी मागणी सरकारकडं नाही, तुमच्याकडंच आहे. तुम्ही जाहिरातीचे पैसे शब्दावर घेता. जुन्या कॉम्प्युटरच्या जाहिरातीत प्रोसेसरचा पूर्ण नंबर आणि 'जुना' किंवा 'रिफर्बिश्ड' हा शब्द नसेल तर ती छापायची नाही एवढा नियम तुमच्या जाहिरात विभागानं करावा, पाहिजे तर त्या दोन शब्दांचे पैसे घेऊ नका. आणि हे पत्र छापलंत तर शक्यतो मे महिन्यात छापा, जूनमध्ये छापून उपयोग नाही.

कळावे,
आपला,
एक नेहमीचा वाचक
मार्केट यार्ड, सांगली