बाळाच्या डोळ्यांच्या तपासणीविषयी

तीर्थरूप आई-बाबांना सविनय नमस्कार.

बाळाचे डोळे पुन्हा तपासणार हे कळल्यापासून तुम्ही दोघे अस्वस्थ आहात. ‘एवढ्याशा जिवाला हा त्रास कशासाठी?’ हा आईचा प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

दृष्टिपटलातील (डोळ्याच्या आतल्या, प्रकाश टिपणाऱ्या पडद्यातील) रक्तवाहिन्या गर्भाच्या 16व्या आठवड्याच्या सुमारास दृष्टीच्या नसेपासून कडेकडे वाढू लागतात आणि कानाकडच्या बाजूला त्यांची वाढ 40व्या आठवड्यापर्यंत चालते. आपले बाळ 29व्या आठवड्यात जन्मले, म्हणजे हे काम अर्धवट असतानाच ते गर्भातल्यापेक्षा कितीतरी अधिक प्राणवायूत आले. अशा वेळी ही वाढ आधी खुंटते आणि पुढे वेडीवाकडी होऊ शकते. डॉक्टर यालाच आरओपी (रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणारा दृष्टिपटलाचा आजार) म्हणतात. बहुतेक बाळांत तो आपोआप ओसरतो, पण बळावला तर दृष्टिपटल सुटण्याचा धोका असतो आणि बाहेरून डोळ्यांत काहीच दिसत नाही, म्हणून नेमलेली तारीख चुकवायची नाही.

नेहमीच्या तपासणीत बाहुली मोठी करणारे थेंब घालून पापण्या छोट्या चिमट्याने उघड्या ठेवतात. बाळ रडते, क्वचित त्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. म्हणून नर्स त्याला दुपट्यात गुंडाळून जिभेवर साखरपाण्याचे थेंब सोडतात. हातात धरायचे ओसीटी यंत्र, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने दृष्टिपटलाच्या आतल्या थरांची प्रतिमा घेणारे यंत्र, मात्र बुबुळाला टेकत नाही. डोळ्यांना न दिपवणाऱ्या अवरक्त प्रकाशाने ते दृष्टिपटलाचे थर टिपते, आणि मला सर्वांत मोठा दिलासा याचाच वाटतो. नेहमीच्या तपासणीची जागा ते अजून पूर्णपणे घेत नाही, हेही खरे.

बाबा, दृष्टिपटल हा मेंदूचाच विस्तार असल्याने त्यातील मज्जातंतूंच्या थराची जाडी आणि मेंदूची वाढ यांचा संबंध संशोधक तपासत आहेत. बाळाचे वजन सावकाश वाढले किंवा जंतुसंसर्ग झाला तर आरओपीचा धोकाही वाढतो, त्यामुळे डोळ्यांची प्रतिमा पाहताना डॉक्टर बाळाच्या एकंदर प्रकृतीचाही विचार करतात. तरीही एका फोटोवरून त्याच्या बुद्धीचे भाकीत कोणी करू नये, आपणही नाही.

तपासणीनंतर पापण्या थोड्या लाल, सुजलेल्या दिसतील. आईने घाबरू नये. डॉक्टर कोणता झोन (आजार दृष्टिपटलाच्या कोणत्या भागात आहे) आणि कोणती स्टेज (तो किती बळावला आहे) सांगतात ते त्याच संध्याकाळी फोनवर कळवते.

तुमची लेक