पर्यावरणमंत्र्यांना खुलं पत्र : ब्रोमीनची केमिकल्स एकेक करून नको, सगळी एकदम थांबवा

मा. पर्यावरणमंत्री, सप्रेम नमस्कार.

माझी मांजर बारा वर्षांची आहे. दिवसभर खायला मागते आणि तरी पाठीवरून हात फिरवला की मणका न्‌ मणका लागतो, डॉक्टरांनी रक्त तपासून थायरॉईड वाढलंय म्हणून सांगितलं. तिला हे नक्की कशाने झालं ते मी छातीठोकपणे नाही सांगू शकत, पण त्या निमित्ताने वाचायला घेतलं आणि झोपच उडाली. सोफ्याच्या फोममध्ये, टीव्हीच्या मागच्या कव्हरमध्ये आग पसरू नये म्हणून ब्रोमीनची केमिकल्स घालतात, पण ती तिथे पक्की बसत नाहीत, हळूहळू सुटून घरातल्या धुळीत येतात. मांजर सोफ्यावर लोळते आणि मग तासन्‌तास अंग चाटत बसते, म्हणजे ती धूळ जाते तिच्याच पोटात. त्यात यातली बरीच केमिकल्स रचनेने थायरॉईडच्या हार्मोनसारखीच दिसतात, फक्त आयोडीनच्या जागी ब्रोमीन.

१९७३ मध्ये अमेरिकेत मिशिगनला गुरांच्या खाद्यात मॅग्नेशियम ऑक्साइडऐवजी चुकून पीबीबी नावाचं असंच केमिकल गेलं. गायींनी खाणं टाकलं, दूध आटलं, खुर वेडेवाकडे वाढले, आणि शेवटी सुमारे ३०,००० गुरं आणि १५ लाख कोंबड्या मारायला लागल्या. किती मुकी जनावरं, आणि चूक कोणाची!

एवढं होऊनही आपण एकेक नाव धरून बंदी घालत बसलोय. स्टॉकहोम करारात (वर्षानुवर्षं नष्ट न होणाऱ्या घातक केमिकल्सना आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार) यातली पेंटा आणि ऑक्टा नावाची केमिकल्स २००९ ला आली, एचबीसीडी २०१३ ला, डेका २०१७ ला. आणि डेकाच्या जागी जे वापरायला लागले त्यातही ब्रोमीनचे दहा अणू आहेतच की. तोवर हे सगळं बहिरी ससाण्याच्या अंड्यांत आणि ऑर्का माशांच्या चरबीत जाऊन बसलं (मासे म्हणतो आपण, पण पिल्लांना दूध पाजणारा जीव आहे तो, आणि त्या दुधातून हे पिल्लाकडेही जातं).

आग लागू नये असं मलाही वाटतं, पण फोमवर सहज न पेटणाऱ्या कापडाचा थर देऊनही ते जमतं. म्हणून विनंती आहे की घरातल्या वस्तूंपुरता तरी हा अख्खा गटच बंद करा. आणि त्याला वेळ लागणार असेल तर निदान लेबल सक्तीचं करा. मागच्या महिन्यात नवीन सोफा बघायला गेले, उशी उलटीपालटी करून बघितली, कापड कुठलं, धुवायचं कसं सगळं लिहिलेलं होतं, फोममध्ये काय घातलंय ते कुठेच नाही, आणि विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

आपली,
एक मांजरवाली