वहीच्या मागच्या बाजूने

हडपसर, पुणे
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

रोज फोन होतो तरी पत्र लिहितेय. फोनवर बाबा दोन मिनिटांत "बरं, ठेवतो" म्हणतात आणि मला जे सांगायचंय ते दोन मिनिटांत मावणारं नाही. आई, हे तूच वाचून दाखवणार, म्हणजे तुझ्याबद्दलचं सगळंसुद्धा तुलाच मोठ्याने वाचावं लागणार. काही गाळू नकोस. बाबा, ती मध्येच गप्प झाली तर विचारा, काय लिहिलंय म्हणून.

आधी चोरीची कबुली. दिवाळीत माळा आवरायला चढले होते तेव्हा जुन्या चादरींच्या गठ्ठ्याखाली एक वही सापडली. लाल पुठ्ठ्याची, शंभर पानी, एक कोपरा उंदराने कुरतडलेला. पुढून उघडली तर बाबांचा दुधाचा हिशोब. मिलच्या टाइम ऑफिसातलं तेच अक्षर, एकेक सुटं, डोक्यावर रेघ न दिलेलं. 'म्हैस १, गाय अर्धा, मंगळवारी खाडा.' रद्दीत टाकणार होते. पण वही हातातून निसटली, उलटी पडली, आणि मागच्या बाजूने आईचं अक्षर दिसलं. न विचारता पिशवीत घातली. माफ कर.

बाबा, तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते. आपल्या आईने १९८६ पासून वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाचं नाव त्या वहीत मागून पुढे लिहिलंय. नुसतं नाव नाही, शेजारी मत. पुष्कळदा एकच शब्द. 'बरी.' 'लांबवली.' 'शेवट फसला.' 'नायिका फार सोसते, मला राग आला.' शैलजा राजे, योगिनी जोगळेकर, कुसुम अभ्यंकर यांची तर पानंच्या पानं. सुहास शिरवळकरांच्या 'दुनियादारी'पुढे लिहिलंय, 'दोनदा वाचली. पोरं वाया गेलेली, पण मनाने चांगली.' 'मृत्युंजय'पुढे: 'ह्यांच्यासाठी आणली, आधी मी वाचली. कर्णाला कुणी नीट विचारलंच नाही.' नारायण धारपांच्या नावापुढे: 'रात्री वाचू नये.' आणि त्याच्याखाली वेगळ्या शाईत: 'रात्रीच वाचली.'

पण मी थांबले ती 'कोसला'पाशी. बी.ए.ला आम्हाला त्या कादंबरीवर बाईंनी आठवडाभर शिकवलं होतं. नेमाड्यांची भाषा, १९६३ नंतर मराठी कादंबरी कशी बदलली, वगैरे. मी पानं भरभरून उत्तरं लिहिली. तुझ्या वहीत अडीच ओळी आहेत: 'पहिली पन्नास पानं काय चाललंय कळेना. मनी गेली तेव्हा रडले. दोन दिवस भाकरी धड थापता आली नाही.' माझी सगळी उत्तरं एका पारड्यात टाकली तरी या अडीच ओळींना उचलायची नाहीत.

ही पुस्तकं जिथून यायची ती लायब्ररी मला आठवते. सोलापुरात नवी पेठेतल्या एका बोळात, जिना चढून वर. मी सहा-सात वर्षांची असेन. महिना आठ रुपये, एक पुस्तक आणि एक मासिक. गुरुवारी तू मला घेऊन जायचीस. काउंटरवरचे काका पुस्तकाच्या मागच्या कागदावर तारखेचा शिक्का मारायचे आणि तो आवाज ऐकायला मी टाचा उंचावून उभी राहायचे. येताना पुस्तक पिशवीत खाली, वर मेथीची जुडी. घरी आल्यावर आधी त्याला वर्तमानपत्राचं कव्हर. मला वाटायचं पुस्तकाची काळजी घेतेस. पुस्तकाचं नाव कुणाला दिसू नये म्हणून ते कव्हर होतं, हे फार उशिरा कळलं. दुपारी शेंगा भाजता भाजता तू वाचायचीस, एक हात उलथन्यावर, एक पानावर. शेंगा कधी करपल्या की समजायचं, गोष्ट रंगात आलीय.

आता बाबा, तुमच्याकडे वळते. रागावू नका.

तुम्ही म्हणायचात, "असलं रडारडीचं काय वाचतीस, त्यापेक्षा इतिहास वाच की." आणि तुमचा इतिहास म्हणजे काय, तर रणजित देसाईंची 'स्वामी'. खुर्चीत बसून, पाय स्टुलावर टाकून, किती पारायणं केलीत त्याचा हिशोब मस्टरवरही मावणार नाही. मागच्या महिन्यात आम्ही थेऊरला गेलो होतो, इथून जवळच आहे. चिंतामणीचं दर्शन घेतलं, मग नदीकडे रमाबाईंच्या वृंदावनाशी गेलो. १८ नोव्हेंबर १७७२ ला त्याच देवळाच्या आवारात माधवराव गेले आणि रमाबाई त्यांच्यामागे सती गेल्या. तिथे उभी असताना मला एकदम उमगलं की 'स्वामी'तल्या लढाया मला एकही नीट आठवत नाही. आठवतात ते दोघं. तुम्हालाही तेच आठवतात, कारण शेवटची पानं वाचताना तुम्ही दर वेळी चष्मा पुसायचात. तेव्हा बाबा, प्रेमकथाच वाचत होतात तुम्हीही. फक्त तिला पेशवाईचं कव्हर घातलेलं होतं आणि आईच्या पुस्तकाला वर्तमानपत्राचं.

हे आज उकरून काढतेय याला कारण आहे. डोळ्याच्या पडद्याला सूज आल्यापासून तुमचं वाचन बंद झालंय. इंजेक्शनं चालू आहेत, डॉक्टर धीर धरा म्हणतात, ते सगळं ठीक. पण संध्याकाळी दिवे लागल्यावर तुम्ही नुसते बसून असता, हे आई सांगत नसली तरी तिच्या आवाजावरून कळतं. मोबाइलवर पुस्तकं ऐकायची सोय चिनूने करून दिली तर तुम्ही दुसऱ्या दिवशी बंद केलीत. का, तर वाचणारी बाई "लई पुण्याची" बोलते. मग आई वाचायला लागली. आणि तुम्ही तिच्या हातात काय दिलंत? 'स्वामी'!

परवा फोनवर तुमची तक्रार ऐकली, "तुझी आई मध्येच स्वतःचं मत घालती, पुस्तकात काय आहे आणि हिचं काय आहे कळंना झालंय." मी हसले, पण नंतर वाटलं, नऊ वर्षं जे ती वहीच्या मागच्या बाजूला लिहीत होती ते आता पहिल्यांदा कुणाच्या तरी कानावर पडतंय. ऐका की. आणि पुस्तक तिला निवडू द्या. माझं एवढंच मागणं आहे, बाकी पत्र त्याच्या भोवतीचं आहे.

कुठून सुरुवात करायची ते मी सुचवते, शेवटचा शब्द आईचा. द. मा. मिरासदार. मोठ्याने वाचायला त्यांच्याइतकं सोयीचं कुणी नाही, कारण त्या गोष्टी आधी बोलल्या गेल्यात आणि मग लिहिल्या गेल्यात असंच वाटतं. ते, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर गावोगाव कथाकथन करायचे, मैदानं भरायची. शिवाय माणूस आपल्या जिल्ह्यातला, अकलूजचा जन्म. 'भुताचा जन्म' किंवा 'माझ्या बापाची पेंड' घ्या. आईला हसू आवरणार नाही आणि वाचन तिथेच थांबेल, ही एकच अडचण.

मग माडगूळकरांची 'बनगरवाडी'. छोटी आहे, आठवडाभरात होईल. आई, तुझ्या वहीत तिच्यापुढे फक्त 'हे आमच्याकडचंच' एवढंच आहे. तुझं माहेर सांगोल्याकडचं, माण नदीच्या काठचं, तेव्हा ती मेंढरं, तो पाण्यावाचून भेगाळलेला माळ, दुष्काळात एकेक करत रिकामी होत जाणारी वाडी, हे तुला वाचायला नकोच, नुसतं सांगायलाही येईल. बाबा सोलापूर शहरात वाढलेले. मागांची खटखट आणि भोंगा यापलीकडचा जिल्हा त्यांना एसटीच्या खिडकीतून माहीत. त्यांना तू 'बनगरवाडी' वाचताना तुझी गावची माणसंही सांग. मध्येच मत घाल, भरपूर घाल.

माझी आवड तुम्हा दोघांपेक्षा वेगळी निघाली, त्याचं खापर शाळेतल्या बक्षिसावर. जयंत नारळीकरांचं 'यक्षांची देणगी' मिळालं होतं, तेव्हापासून विज्ञानकथा दिसली की मी सोडत नाही. बाबा त्याला "आकाशातल्या गप्पा" म्हणतात. नारळीकरांची एक गोष्ट मात्र आईला आवडेल. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा स्वतःच्या नावाने पाठवलीच नाही. आपली आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' असं नाव लावलं. नावाकडे बघून बक्षीस नको होतं त्यांना. कथा पहिली आली. बघ आई, एवढा मोठा शास्त्रज्ञ, त्यानेही आपल्या गोष्टीला कव्हर घातलंच.

यंदा मे महिन्यात नारळीकर गेले आणि महिना उलटायच्या आत, जूनमध्ये, आपल्या सोलापुरातच मारुती चितमपल्ली गेले. त्या दिवशी बाबा फोनवर पहिल्यांदा दोन मिनिटांच्या पुढे बोलले होते. २००६ च्या जानेवारीत सोलापूरला साहित्य संमेलन भरलं, चितमपल्ली अध्यक्ष, तेव्हा मागच्या रांगेतून आपल्याला ते ठिपक्याएवढे दिसले होते. बाबांनी ग्रंथप्रदर्शनात 'चकवा चांदण' घेतलं. ते वाचून पुढच्याच रविवारी आपल्याला नान्नजला माळढोक दाखवायला नेलं. माळढोक काही दिसला नाही, काळविटं दिसली, आणि डब्यातले धपाटे संपले. कावळ्यांच्या रात्रीच्या वस्तीला चितमपल्लींनी दिलेला 'काकागार' हा शब्द बाबांना इतका आवडला की मागच्या लिंबाला तर ते काकागार म्हणतातच, पण उन्हाळ्यात सगळी नातवंडं जमली की आपल्या घरालाही म्हणतात.

त्या प्रदर्शनातलं आणखी एक मला दिसलं होतं, कधी बोलले नाही. बाबा पैसे देत होते तेव्हा आई शेजारच्या स्टॉलवर धारपांचं पुस्तक हातात घेऊन उभी होती. मागची किंमत बघितली. पुस्तक उलटं ठेवून दिलं.

वहीतली शेवटची नोंद १९९५ ची आहे. पुस्तकाची नाही. 'लायब्ररीचं डिपॉझिट परत घेतलं. ५० रु.' त्याच्यापुढे मत नाही. पुढून दुधाचा हिशोब बघितला तर त्याच महिन्यापासून म्हैस बंद, फक्त गाय अर्धा. मिल बंद पडली तो काळ. बाबा तेव्हा चादरींच्या दुकानात हिशोब लिहायला जाऊ लागले आणि मला शाळेची फी, नवा गणवेश, सगळं वेळेवर मिळत होतं. तुमच्यापैकी कुणी मला कधी काही जाणवू दिलं नाही. मी त्या वयात एवढंच विचारलं होतं म्हणे, की आता गुरुवारी आपण का नाही जात? तू म्हणालीस, "डोळे दुखतात गं."

बरं. शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्माने येतेय, चिनूही आहे. मिरासदार आणि 'बनगरवाडी' मोठ्या टायपात मिळतात का बघते, नाही मिळाले तर आईचा जवळचा चष्मा आधी बदलून घेऊ. धारपांची चार पुस्तकं घेतलीत. यंदा त्यांची जन्मशताब्दी, त्या निमित्ताने असं म्हणू, म्हणजे बाबांच्या इतिहासात बसेल. चिनूने 'तुंबाड' सिनेमा तीनदा पाहिलाय. त्याच्या मुळाशी धारपांची गोष्ट आहे म्हटल्यावर ती मला विचारते, "आजी असलं वाचायची?" तिला आजीबद्दल एकदम आदर वाटायला लागलाय. रात्री तिला शेजारी बसवून वाच.

वही परत आणतेय. मागच्या बाजूने अजून सव्वीस पानं कोरी आहेत. शेंगाचटणी करू नकोस, मागची बरणी अजून अर्धी आहे. आणि यंदा पाणी कुठल्या वारी येतं ते कळव, म्हणजे कपडे त्या हिशोबाने आणते.

तुमची,
बेबी

ता. क. बाबा, हे आईने वाचायच्या आधी तुम्ही ऐकलं असतंत तर बरं होतं, पण आता इलाज नाही. धारपांपुढे 'रात्रीच वाचली' असं जिथे आईने लिहिलंय, त्याच्याखाली पेन्सिलने आणखी दोन शब्द आहेत. 'मी पण.' अक्षर सुटं आहे, डोक्यावर रेघ नाही.